मांजर, उंदीर आणि माणसाचे मन : एका परोपजीवी जंतूची हकीकत

हैदराबाद शहराच्या बेगमपेठ भागात, जुन्या विमानतळानजीक, एक जुनी वास्तू उभी आहे. उस्मानिया विद्यापीठाची सर रोनाल्ड रॉस परोपजीवीशास्त्र संस्था या नावाने ती ओळखली जाते. सिकंदराबादच्या लष्करी छावणीत नेमणुकीस असलेले वैद्यकीय अधिकारी रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ या दिवशी येथे एका डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या जंतूची वाढ होत असल्याचे प्रथम आढळून आले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णास डास चावू देण्याबद्दल दर डासामागे एक आणा देण्यात आला होता. या एका निरीक्षणाने शतकानुशतके चालत आलेली एक समजूत कोसळून पडली.

तोपर्यंत हिवताप हा दलदलीवरून वाहणाऱ्या दूषित हवेमुळे होतो असे मानले जाई. ‘मलेरिया’ या मूळ इटालियन शब्दाचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. ही समजूत अगदीच निराधार होती असे नाही. दलदलीच्या काठी राहणाऱ्यांना ताप अधिक येतो, हे निरीक्षण खरे होते. त्यावरून काढलेले कारण मात्र चुकीचे होते. ताप आणणारा होता त्याच साचलेल्या पाण्यात वाढणारा डास.

हा जुना दाखला येथे देण्याचे प्रयोजन असे की, तशाच प्रकारचा एक प्रश्न आज पुन्हा आपल्यापुढे आला आहे. मांजराच्या पोटातील एक जंतू माणसाच्या मेंदूत शिरतो, त्याचा स्वभाव पालटतो, मांजर पाळणाऱ्यास वेड लागते, अशा प्रकारचा मजकूर अलीकडे वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांतून वारंवार वाचावयास मिळतो. त्यामुळे कोणी घरातील मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देतो, तर कोणी घरातील मनोरुग्णाच्या आजाराचे खापर मांजरावर फोडून मोकळा होतो. या बोलण्यात तथ्य किती व तर्क किती, आणि ज्या गोष्टीची खरोखर काळजी घ्यावयास हवी ती कोणती, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जंतूचा परिचय

या जंतूचे शास्त्रीय नाव टॉक्सोप्लाझ्मा गोंडी असे आहे. तो एकपेशीय असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १९०८ साली उत्तर आफ्रिकेतील ट्यूनिस येथे शार्ल निकोल व लुई मांसो या शास्त्रज्ञांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो आढळला. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये आल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तो सशात सापडला. त्याचा आकार धनुष्याप्रमाणे किंचित वाकलेला असल्याने, धनुष्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव देण्यात आले.

रॉस यांनी पाहिलेला हिवतापाचा जंतू आणि हा जंतू हे एकाच मोठ्या वर्गातील आप्त होत. दोघांच्या जीवनक्रमातही एक लक्षणीय साम्य आहे. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात वाढतो. परंतु त्याचे लैंगिक प्रजनन पूर्ण होते ते डासाच्या शरीरात. त्याचप्रमाणे टॉक्सोप्लाझ्मा हा उंदीर, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी, माणूस अशा कोणत्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो. परंतु त्याचे लैंगिक प्रजनन केवळ मांजर व मांजराच्या कुळातील प्राण्यांच्या आतड्यातच होते. ही गोष्ट निर्विवाद ठरली ती १९७० च्या सुमारास. त्या संशोधनात भारतात पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे अमेरिकेत कार्य केलेले डॉ. जे. पी. दुबे यांचा मोठा वाटा आहे.

मांजर बाधित उंदीर खाते तेव्हा जंतू त्याच्या आतड्यात वाढतात, आणि पुढे एक ते तीन आठवडे मांजराच्या विष्ठेतून त्यांची लक्षावधी सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. बहुधा मांजराच्या आयुष्यात हे एकदाच घडते. ताजी अंडी बाधा करू शकत नाहीत. त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. पक्व झालेली अंडी मात्र ओलसर मातीत वर्षभराहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. ती चाऱ्यातून गुरांच्या, दाण्यातून कोंबड्यांच्या व उंदरांच्या, आणि न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून किंवा मातीने माखलेल्या हातातून माणसाच्या पोटात जातात. तेथून जंतू रक्तावाटे शरीरभर पसरतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना लवकरच आवरते. तथापि त्यांचा समूळ नाश होत नाही. स्नायूंत आणि मेंदूत ते स्वतःभोवती कोष निर्माण करून दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, स्वस्थ पडून राहतात.

ही बाधा दुर्मिळ नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतील सुमारे २३ हजार रक्तनमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात जवळजवळ दर चार नमुन्यांमागे एका नमुन्यात पूर्वी होऊन गेलेल्या बाधेची खूण दिसून आली, आणि दक्षिण भारतात हे प्रमाण सर्वाधिक होते. यांतील बहुसंख्य लोकांना आपल्याला काही झाले होते याची जाणीवही नसते.

उंदराची भीती कोठे जाते?

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतील प्रश्न आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक आहे. उंदराच्या मनातील मांजराची भीती ही शिकविलेली नसून उपजत असते. ज्या उंदराने जन्मात मांजर पाहिलेले नाही, तोही त्याच्या मूत्राचा वास येताच दूर पळतो.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या आवारात निरनिराळे कोपरे करून त्यांत त्या उंदरांचा स्वतःचा, सशाचा, मांजराचा असे वेगवेगळे वास ठेवण्यात आले; एका कोपऱ्यात कोणताच विशेष वास नव्हता. निरोगी उंदरांनी मांजराचा कोपरा टाळला. टॉक्सोप्लाझ्माची बाधा झालेल्या उंदरांनी तो टाळला नाही. इतकेच नव्हे तर त्यांतील काही उंदीर तेथे अधिक वेळा गेले. एरवी हे उंदीर धडधाकट होते. २००७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. अजय व्यास व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगातही असेच आढळले. बाधित प्राण्यांची इतर भीती व शिकण्याची क्षमता शाबूत होती. मांजराच्या वासाची भीती मात्र ओसरली होती.

जंतूच्या दृष्टीने यातील लाभ उघड आहे. त्याला मांजराच्या पोटात जावयाचे असते, आणि निर्भय झालेला उंदीर त्याला तेथे आयताच पोहोचवितो. परंतु हे नेमके कसे घडते, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. मेंदूतील डोपामिन नावाच्या द्रव्याचे प्रमाण जंतू वाढवितो, असे एक मत पुढे आले. पुढील काही प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला नाही. २०२० साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथील संशोधकांनी दाखविले की, बाधित उंदीर केवळ मांजरालाच नव्हे तर एकंदरीतच कमी भितात, आणि ज्यांच्या मेंदूत कोषांमुळे दाह अधिक, त्यांच्यात हा बदलही अधिक. म्हणजे जंतू उंदराच्या मनाची एखादी कळ हेतुपूर्वक दाबतो असे म्हणण्यापेक्षा, मेंदूस आलेल्या सुजेचा हा परिणाम असावा, असे या प्रयोगाचे सांगणे आहे. कारण कोणतेही असो, उंदराच्या वर्तनात फरक पडतो, एवढे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे.

माणसाविषयी काय सांगितले जाते?

उंदरात जे घडते ते माणसातही घडत असेल काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १९९० नंतरच्या दशकात प्राग येथील चार्ल्स विद्यापीठातील यारोस्लाव्ह फ्लेग्र यांनी तो हाती घेतला. प्रश्नावलींच्या साहाय्याने स्वभाव पारखून त्यांनी असे मांडले की, बाधित पुरुष काहीसे अधिक संशयी व नियमांबाबत बेफिकीर असतात, तर बाधित स्त्रिया अधिक मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष असतात. २००२ साली त्यांनी प्रागमधील रस्ते अपघातांत सापडलेल्या १४६ व्यक्तींच्या रक्ताची त्याच भागातील ४४६ व्यक्तींच्या रक्ताशी तुलना केली. त्यावरून बाधितांमध्ये अपघाताचा धोका सुमारे अडीच पटींहून अधिक असल्याचे अनुमान त्यांनी काढले. छिन्नमनस्कता या मानसिक विकाराच्या रुग्णांत या बाधेच्या खुणा अधिक प्रमाणात सापडतात, असेही अनेक पाहण्यांत दिसले. डेन्मार्कमधील ४५ हजारांहून अधिक मातांच्या पाहणीत, बाधित स्त्रियांत स्वतःस इजा करून घेण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

हे आकडे वाचून मन दचकते. परंतु याच्या दुसऱ्या बाजूचे आकडेही तितकेच पाहावयास हवेत. न्यूझीलंडमधील ड्यूनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांची पिढी शास्त्रज्ञांनी जन्मापासून प्रौढ वयापर्यंत सतत तपासली आहे. त्यांतील आठशेहून अधिक व्यक्तींचे रक्त तपासले असता सुमारे २८ टक्के बाधित निघाले. मानसिक आजार, स्वभाव, बुद्धी, वाहनअपघात अशा अनेक बाबींत बाधित व अबाधित यांच्यात म्हणण्यासारखा फरक जवळजवळ आढळला नाही, असे २०१६ साली जाहीर झाले. पुढील वर्षी इंग्लंडमधील सुमारे पाच हजार मुलांच्या पाहणीतून, घरात मांजर असणे आणि पुढे मानसिक विकाराची लक्षणे दिसणे यांचा संबंध नसल्याचे निष्पन्न झाले.

सोबत आणि कारण

दोन गोष्टी सोबत आढळणे निराळे आणि एकीमुळे दुसरी घडणे निराळे. बेगमपेठेच्या त्या प्रयोगशाळेने जगास दिलेला हा धडा येथे उपयोगी पडतो.

समजा, मनोरुग्णांत या बाधेच्या खुणा अधिक सापडल्या. त्याचा अर्थ जंतूमुळे आजार झाला असा असू शकेल. परंतु आजारामुळे खाण्यापिण्याची व स्वच्छतेची आबाळ झाली आणि म्हणून बाधा झाली, असाही तो असू शकेल. अथवा दारिद्र्य, दाटीवाटीची वस्ती, अशुद्ध पाणी अशा तिसऱ्याच एखाद्या कारणाने दोन्ही गोष्टी घडल्या असतील. वय वाढते तसे बाधितांचे प्रमाणही वाढते. म्हणून वयातील फरकाचा नीट विचार न करता केलेली तुलना फसवी ठरते. ज्याप्रमाणे दलदल, हवा, डास व ताप या चार गोष्टी एकत्र नांदत होत्या आणि त्यांतील खरा गुन्हेगार एकच होता, तसाच हा प्रकार आहे.

उंदरांच्या बाबतीत हा गुंता सोडविता येतो. कारण शास्त्रज्ञ सारखेच उंदीर घेऊन त्यांतील काहींना बाधा घडवून आणू शकतात. माणसाच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही व करूही नये. शिवाय उंदराप्रमाणे माणूस घरच्या मांजराचे भक्ष्य नव्हे. माणसाच्या मेंदूत गेलेल्या जंतूचा मार्ग तेथेच खुंटतो. माणसाचा स्वभाव पालटून त्यास काहीच साधता येत नाही.

सारांश, निरोगी माणसाच्या वर्तनावर या जंतूचा परिणाम होत असेल, ही शक्यता शास्त्राने सोडून दिलेली नाही. परंतु ती सिद्धही झालेली नाही, आणि परिणाम असलाच तर तो अल्प असावा. आपल्या शेजारी शेती करणाऱ्या, शाळेत शिकविणाऱ्या, कचेरीत काम करणाऱ्या दर चार जणांत एक जण बहुधा हा जंतू अंगात बाळगून आपले काम व्यवस्थित पार पाडीत आहे, हे ध्यानात ठेवावे.

सिद्ध झालेले धोके

मनाच्या चर्चेत या जंतूचे जे धोके निर्विवाद सिद्ध झाले आहेत त्यांकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट होय.

पहिला धोका पोटातील बाळास. स्त्रीला गर्भारपणात ही बाधा प्रथमच झाली, तर जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे गर्भपात होणे, बाळाच्या मेंदूस किंवा दृष्टीस इजा होणे असे प्रकार घडू शकतात. वेळीच निदान झाल्यास त्यावर औषधे उपलब्ध आहेत. उलटपक्षी, जिला ही बाधा गर्भधारणेच्या बऱ्याच आधी होऊन गेली आहे, तिच्या शरीरातील प्रतिपिंडे बाळाचे रक्षण करतात. म्हणून तपासणीच्या कागदावर जुन्या बाधेची खूण दिसली की गर्भपाताचा दोष त्या स्त्रीच्या माथी मारणे हे अज्ञान आहे. अशा कागदाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

दुसरा धोका डोळ्यांस. जंतू डोळ्याच्या मागील पडद्यावर व्रण करतो आणि दृष्टी अंधुक होते. तमिळनाडूतील कोइमतूर येथे २००४ च्या सुमारास अशा नेत्रविकाराची साथ उद्भवली. तेथील एका नेत्ररुग्णालयाने २४८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सार्वजनिक पाणीपुरवठ्यातून ही बाधा झाली असावी असा संशोधकांचा कयास होता. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या मोठ्या नेत्ररुग्णालयांत असे रुग्ण तपासले जातात. ज्याच्या दृष्टीसमोर अकस्मात धुके किंवा काळे ठिपके येऊ लागतील, त्याने घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

तिसरा धोका ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशांना. एचआयव्हीची बाधा होऊन उपचार न घेतलेले, तसेच अवयवरोपण झालेले रुग्ण यांच्यात मेंदूतील झोपलेले कोष जागे होतात व मेंदूस सूज येते. झटके येणे, भ्रम होणे, वागण्यात एकाएकी फरक पडणे ही त्याची लक्षणे होत. या जंतूमुळे माणसाचे वर्तन निश्चितपणे बदलते ते येथे. परंतु हा एक गंभीर व उपचारयोग्य आजार आहे, स्वभावदोष नव्हे. एचआयव्हीवरील नियमित औषधोपचाराने त्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

काय करावे?

मांजर पाळणे सोडावे काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. त्याचे उत्तर नाही असे आहे. बाधा मांजराला कुरवाळल्याने सहसा होत नाही. ती मातीतून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीपाल्यातून आणि कच्च्या मांसातून होते. केवळ शाकाहारी असल्याने माणूस सुरक्षित ठरत नाही, आणि घरात मांजर नसल्यानेही ठरत नाही. शिवाय गावातून मांजरे नाहीशी झाली की उंदरांचे फावते. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते, याची आठवण मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना असेल. कणगीतील धान्याचे राखण करणाऱ्या या प्राण्यास विष घालणे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये तो अपराध आहे.

त्याऐवजी पुढील साधे नियम पाळावेत :

१. मटण, कोंबडी व अन्य मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे. कच्चे मांस हाताळलेले हात, विळी व पाट साबणाने धुवावेत. शेळीचे दूध उकळूनच प्यावे.

२. कोथिंबीर, काकडी, गाजर, मुळा यांसारखा कच्चा खाल्ला जाणारा भाजीपाला वाहत्या पाण्यात चांगला धुवावा.

३. शेतात, परसात किंवा बागेत काम केल्यावर, आणि जेवणापूर्वी, हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

४. विहिरीत टाकण्यात येणाऱ्या क्लोरीनच्या भुकटीने या जंतूची अंडी मरत नाहीत. संशय असेल तेथे पाणी उकळून प्यावे व साठवणीच्या टाक्या झाकलेल्या ठेवाव्यात.

५. मांजराची विष्ठा रोजच्या रोज उचलून खोल पुरावी. अंडी पक्व होण्यापूर्वीच ती दूर झालेली बरी. हे काम गर्भवतीने करू नये. करणे भागच असेल तर हातमोजे घालून करावे.

६. घरच्या मांजरास शिजविलेले अन्न द्यावे. कच्चे मांस घालू नये.

७. बांधकामासाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग मांजरांना विष्ठेसाठी सोयीचा व मुलांना खेळण्यासाठी प्रिय असतो. असे ढीग झाकून ठेवावेत.

शिक्षकांनी हे नियम वर्गात समजावून सांगावेत. ग्रामपंचायतींनी व पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांनी टाक्यांकडे लक्ष पुरवावे. आशा सेविका व परिचारिका यांनी गर्भवतींच्या भेटीत लोहाच्या गोळ्या व आहार यांविषयीच्या सल्ल्याबरोबर या दोन गोष्टीही सांगाव्यात : माती हाताळल्यावर हात धुणे आणि मांस पूर्ण शिजविणे.

आणखी एक विनंती आहे. घरातील कोणी एकाएकी अबोल झाला, भलतेसलते बोलू लागला, कोणाच्या कानी येत नाहीत असे आवाज त्याला ऐकू येऊ लागले, तर पूर्वी लोक बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे धाव घेत. मांजर आडवे गेले म्हणून काम मागे घेणारेही आपल्यांतच होते. आता त्या जागी मांजराच्या जंतूचे नाव घेऊन बसणे म्हणजे जुन्या समजुतीस शास्त्राचा अंगरखा घालणे होय. मानसिक आजारावर उपचार आहेत. हैदराबादेत एर्रागड्डा येथे शासकीय मानसिक आरोग्य संस्था आहे, जिल्हा रुग्णालयांत मार्गदर्शन मिळू शकते, आणि ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य सल्ला मिळतो. रुग्णास तेथवर नेण्यात जितका विलंब होईल तितके त्याचे नुकसान अधिक.

सव्वाशे वर्षांपूर्वी बेगमपेठेत एक माणूस उकाड्यात, सूक्ष्मदर्शकास डोळा लावून, एकामागून एक डास तपासत बसला. ‘वाईट हवा’ हे सर्वांना मान्य असलेले उत्तर त्याने पडताळून पाहिल्यावाचून स्वीकारले नाही. मांजर आणि मानवी मन यांच्या संबंधाचा शोध जगातील प्रयोगशाळांतून अजून चालू आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत आपण घरचे मांजर घरी राहू द्यावे, आणि हात धुण्यास मात्र आजपासूनच आरंभ करावा.